दोघांनी दिलेली परीक्षा

४ मार्च

ताई, नमस्कार.

तुझं पाकीट पंपघरात मिळालं. घरच्या पत्त्यावर पाठवलं नाहीस ते बरं केलंस. भुंगा हल्ली टपाल आधी उचलतो आणि पाकिटावरचं अक्षर बघत बसतो. फोनचंही तेच. मी दुसऱ्या खोलीत हळू आवाजात बोलायला लागलो की त्याला वाटतं, आपल्याबद्दल चाललंय. आणि खोटं कशाला बोलू, त्याच्याबद्दलच चाललेलं असतं. डॉक्टर याला आजार म्हणतात. मी म्हणतो, निम्मा आजार आणि निम्मा अनुभव. इथला फोन पाण्याच्या तक्रारींसाठी, आणि पंप चालू असले की तोही ऐकू येत नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं.

तू लिहितेस की तुमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या अभ्यासात आमच्या इथलं हॉस्पिटलही आहे, भुंग्याचं थोडं रक्त घेतील, सख्खा भाऊ म्हणून माझंही घेतील, आणि त्याच्या लक्षाची नि आठवणीची परीक्षा घेतील. रक्त द्यायला माझी ना नाही. पण रक्तात काय दिसणार आहे, ते आधी सांग. आई शेवटच्या दिवसांत मला विचारायची, "माझ्याकडून आलं का रे हे त्याला?" मी नाही म्हणायचो. मला काय ठाऊक होतं? तुमच्या यंत्रातून 'हो' निघणार असेल तर ते मला कळवू नकोस.

त्याचं म्हणशील तर गोळ्या बिनचूक घेतो. आवाज फार क्वचित येतात, आले तर सांगतो. पण विसरणं काही जात नाही. पाव आणायला पाठवलं तर साबण घेऊन येतो. साबण कशाला आणलास म्हटलं तर म्हणतो, "पाव धुवायला." त्याला स्वतःलाच हसू येतं, मग मध्येच हसणं थांबतं.

आता मुख्य गोष्ट. आजारी पडायच्या आधी तो बाइंडिंगच्या कारखान्यात कटिंग मशीनवर होता, तुला आठवत असेल. त्या मशीनवरच्या माणसाचा तिथे मान असतो. आजारानंतर मालकाने त्याला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. तिथे गुणगुणत घड्या घालतो म्हणून तर पोरांनी भुंगा नाव पाडलं आणि आपणही तेच उचललं. आता घड्यांचं यंत्र येतंय आणि टेबल जाणार. मशीनवरचे म्हातारबा याच महिन्यात कायमचे घरी बसणार. मालक मला म्हणाला, "डोकं नीट चालतं असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर जुनी जागा त्याची. नाहीतर बसवून ठेवायला माझ्याकडे खुर्ची नाही." म्हणजे एक तर मशीन, नाही तर घर. घरी बसल्यावर काय होतं ते आपण एकदा बघितलंय. खिडक्यांना आतून कागद चिकटवून तो अख्खा हिवाळा अंधारात बसला होता. ते पुन्हा बघायची माझ्यात ताकद नाही.

तुझा भाऊ

११ मार्च

प्रिय दादा,

वयाने तू माझ्याहून लहान, पण भुंगा बोलायला लागला तेव्हापासून तू साऱ्या घराचाच दादा झालास. तेव्हा दादा, आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. एकट्या आईकडून नाही, एकट्या बाबांकडूनही नाही.

आपल्या प्रत्येक पेशीत एक भलंमोठं लिखाण असतं आणि माणसागणिक ते जागोजागी एखाद्या अक्षराने वेगळं असतं. बहुतेक फरकांनी काहीच बिघडत नाही. स्किझोफ्रेनियाशी ज्यांचा संबंध लागतो असे फरक शेकड्यांनी आहेत, आणि एकेक इतका किरकोळ की तुझ्यात, माझ्यात, तुझ्या पंपघरात टपाल टाकणाऱ्यातसुद्धा त्यातले थोडे असणारच. एखाद्याच्या वाट्याला जरा जास्त येतात, त्यात आयुष्यातलं आणखी काही मिसळतं आणि तोल जातो. यात कुणाला दोषी धरणार?

मग रक्त कशाला? आजार एकच असला तरी डोक्याची कामं सगळ्यांची सारखी बिघडत नाहीत म्हणून. एकाला आवाज फार छळतात पण हिशेब तोंडपाठ. दुसऱ्याचे आवाज गेले तरी पावाचा साबण होतो. आवाजांवर गोळी आहे, विसरण्यावर नाही. आणि माणसाची नोकरी जाते ती पुष्कळदा या विसरण्यापायी जाते. एक जनुक आहे, मेंदूच्या पुढच्या भागातलं एक रसायन किती लवकर आवरलं जातं ते काही अंशी त्याच्यावर ठरतं. लोकांना वाटलं, सापडली आठवणीची किल्ली. मग हजारो माणसं तपासली तेव्हा किल्ली कसली, शंभर खिट्ट्यांतली एक खिट्टी निघाली. म्हणून आता पुष्कळांचं रक्त आणि पुष्कळांची परीक्षा शेजारी ठेवून बघायचं, काही मेळ लागतो का. एकट्या माणसाचं रक्त बघून त्याला काय जमेल हे कुणी सांगत असेल तर ते भविष्य झालं, शास्त्र नाही. आमच्याकडे नळीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. तुमची नळी माझ्या हातातून गेली तरी मला कळणार नाही.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेव. परीक्षेत त्याला एकट्याला बसू दे. कमी गुण म्हणजे नापास नव्हे. उलट ज्यांना कमी पडतात त्यांच्यासाठी तिथे सरावाचा वर्ग आहे, कामाच्या पायऱ्या कशा पाडायच्या, विसरायला होतं तिथे काय आधार घ्यायचा, ते शिकवतात. आणि मालकाची चिठ्ठी या परीक्षेशी जोडू नकोस. ती परीक्षा त्यासाठी केलेलीच नाही.

तुझं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? स्वतःबद्दल तू एक ओळ लिहीत नाहीस.

ताई

२७ मार्च

ताई, नमस्कार.

देवाने ऐकलं! भुंगा पास झाला. तू म्हणशील नापास-पास नसतं, पण डॉक्टरांचा चेहराच सांगत होता.

रक्त पटकन झालं. परीक्षेची खोली लहान, दोन खुर्च्या, मध्ये टेबल, भिंतीला टेकून आणखी एक खुर्ची. परीक्षा घेणाऱ्या बाई तरुण आहेत, बोलायला गोड. भुंगा दारातच थांबला, कपाळावर घाम. आत यायलाच तयार नाही. शेवटी बाईंनी मला भिंतीजवळच्या खुर्चीवर बसायला परवानगी दिली, त्यांच्या पाठीमागे. "मात्र काही बोलायचं नाही हं," म्हणाल्या. मी एक शब्द बोललो नाही.

त्या आकडे वाचायच्या आणि याने ते उलटे म्हणायचे. आधी तीन, मग चार, मग वाढत वाढत. नंतर कार्डं. कार्डं कुठल्या नियमाने लावायची ते आपणच ओळखायचं, आणि नियम बाई न सांगता मध्येच बदलणार. (मी मनात म्हटलं, हे तर थेट आमचं पाणीखातं.) शब्दांच्या यादीत तो जरा मागे पडला, पण आकड्यांत आणि कार्डांत बाई चकित झाल्या. सरावाच्या वर्गाची त्याला गरज नाही म्हणाल्या. मी तिथूनच डॉक्टरांकडे गेलो, गुण दाखवले, मालकाचं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला, भुंग्याला दोन-चार प्रश्न विचारले आणि लिहून दिलं.

सोमवारपासून तो मशीनवर आहे. काळजी करू नकोस. मशीनला दोन बाजूंना दोन बटणं आहेत, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं उतरतं. हात आत राहायला जागाच नाही. पहिल्या दिवशी तो घरी आला तो जिन्यापासून गुणगुणत. घरात किती वर्षांनी ऐकलं ते.

गुडघा ठीक.

तुझा भाऊ

२ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाने.

गेल्या सुट्टीत मी आठ दिवस तुमच्याकडे होते. त्याला मी म्हटलं होतं, दिवा बंद कर, दार लाव आणि माझा चष्मा आण. तो दिवा बंद करून अंधारात उभा राहिला. मी विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, "पुढचं सांग." त्या माणसाने वाढत जाणारे आकडे उलटे सांगितले?

आकड्यांत उत्तम, कार्डांत उत्तम आणि शब्दांत मात्र नेहमीसारखा. दादा, शब्द बोटांवर दाखवता येत नाहीत. आपल्या एका खोलीच्या शाळेत पाढ्यांच्या वेळी तू बाकाखाली त्याला बोटं दाखवायचास. गुरुजी त्याला शाबासकी द्यायचे आणि तूच जास्त खूश व्हायचास. मी पलीकडच्या रांगेतून बघायचे. तुला सरळ विचारते, तू त्या खुर्चीवर बसून काय केलंस?

अभ्यासाचं म्हणशील तर एका आकड्यासमोर आता त्याचं रक्त आहे आणि तुझी आठवण आहे. ते चूकच. पण मला आत्ता झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. ते पातं त्याच्या पुढ्यात आहे, आणि एका कामाच्या मधोमध कुणी हाक मारली तर आपण कुठल्या पायरीवर होतो ते त्याला आठवत नाही. हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

उलट टपाली उत्तर दे.

ताई

९ एप्रिल

ताई,

उलट टपाली दिलं नाही, कारण रागात लिहिलेलं पत्र फाडावं लागलं. हे दुसरं आहे. रागाचंच आहे, पण अक्षर जरा बरं आहे.

तू वर्षातून आठ दिवस येतेस, चष्मा मागतेस आणि जातेस. बँकेत खिडकीमागचा माणूस खेकसतो, "सही कुठली तारीख कुठली, झोपलात काय?" तेव्हा तू नसतेस. दुकानात मागे रांग कुजबुजते तेव्हा तू नसतेस. तिथे मी असतो. तो अडला की मी सांगतो. डोळ्याने, हाताने, कशाने का होईना. इतकी वर्षं मी त्याच्या वतीने उत्तर देत आलोय की माझ्या हातांनी मला विचारायचं सोडून दिलंय. त्या खोलीतही असंच झालं. बाई आकडे वाचत होत्या, तो माझ्याकडे बघत होता, आणि बोटं गुडघ्यावर आपोआप हलली. पहिल्यांदा आपोआप. नंतर नाही. नंतर मी ठरवून हलवली. कार्डं ठेवताना योग्य ढिगाकडे नजर फिरवली. घे, हवं होतं ना तुला?

आणि मी काय वाईट केलं? त्याची जागा त्याला मिळवून दिली. तो गुणगुणतोय!

तुझ्याशी लपवाछपवी करून आता काय मिळणार, म्हणून हेही लिहितो. दोन बटणांचं मी लिहिलं ते खरं आहे, पण तिथल्या रीतीप्रमाणे डाव्या बटणात पुठ्ठ्याची पाचर ठोकलेली असते, म्हणजे ते कायम दाबलेलंच राहतं. डावा हात कागद सरळ करायला मोकळा राहतो आणि काम लवकर उरकतं. म्हातारबांनी तशीच सगळी हयात काढली. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून माझी पाळी संपली की मी थेट कारखान्यात जातो आणि त्याच्या शेजारी उभा राहतो. तो कागदाचा गठ्ठा सारतो, ठोकून सरळ करतो, मी म्हणतो "हात बाहेर", मग तो बटण दाबतो. पोरं हसतात. म्हणतात, "भुंग्याला नवीन भोंगा बसवलाय." हसू देत.

पुढच्या आठवड्यात माझी पाळी बदलते आहे. मी बदलून घ्यायचा प्रयत्न करतोय.

तुझी नळी, तुझा आकडा, तुझा अभ्यास. माझा भाऊ आहे.

१४ एप्रिल

दादा,

माझाही भाऊ आहे.

हे पत्र हातात पडेल त्या घडीला कारखान्यात जा आणि ती पाचर काढ. मालक काय म्हणेल ते म्हणू दे. काढली नाहीस तर त्याला मशीनवरून उतरव, हात धरून उतरव.

रविवारपर्यंत डॉक्टरांना खरं सांग. तू सांगितलं नाहीस तर सोमवारी मी इथे माझ्या साहेबांना सांगणार आहे. सख्ख्या भावांना अभ्यासात जायला मीच सांगितलं आणि परीक्षा खोटी झाली, हे मला कळूनही मी गप्प बसले, तर उद्या या टेबलावर बसायचा मला अधिकार नाही. मग माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होवो.

तू रागावलास ते बरोबर आहे. मी नसते. पण दादा, तू असतोस म्हणून तो सुरक्षित आहे असं तुला वाटतं. तू पाठ वळवशील त्या क्षणी काय?

ताई

१५ एप्रिल

ताईला भुंग्याचा नमस्कार.

हे पत्र मी स्वतः लिहितोय. दादाने विचारलं, वाचून बघू का, चुका काढतो. मी नको म्हटलं. तेव्हा चुका माझ्या.

एक एक सांगतो, म्हणजे सुटणार नाही. तू डब्यात कागदाचे चौकोन करून ठेवून गेली होतीस, ते घेतलेत. एका चौकोनावर एक गोष्ट लिहिली आणि मग ते ओळीने लावले.

पहिला चौकोन. माझे दोन्ही हात आहेत. दहा बोटं आहेत. हे आधी लिही असं दादा म्हणाला.

दुसरा. शनिवारी दादा शेजारी उभा होता. मी गठ्ठा सारला, ठोकला. दादा म्हणणार "हात बाहेर" आणि मी दाबणार, असं रोजचं. तेवढ्यात मालकाने दादाला काहीतरी विचारलं. दादा तिकडे वळला. मी वाट बघत होतो. मग वाट बघत होतो हेच विसरलो. मला वाटलं, दादाचं म्हणून झालं असेल. उजव्या हाताने दाबलं. पातं आलं. माझ्या डाव्या बाहीचं टोक कागदाबरोबर कापलं गेलं. अगदी सरळ कापलं गेलं, काटकोनात. शिंपी असतो तर बढती मिळाली असती.

दादा खाली बसला. जमिनीवर. त्याला पाणी मी दिलं.

तिसरा. मी विचार केला. जे आवाज मला येतात ते आतून येतात आणि दादाचा बाहेरून येतो, पण दोन्ही वेळेला मी ऐकतच असतो. माझा हात कुठे आहे ते मी बघत नव्हतो. हात माझा होता आणि तो कुठे आहे ते दादाला माहीत होतं.

चौथा. डाव्या बटणातली पाचर मी काढली, पक्कडीने. पोरं ओरडली की काम हळू होईल. मी म्हटलं, हळू होऊ दे, लाल नको व्हायला. मालकाला म्हटलं, मला मशीन नको. तो म्हणाला, मग काय हवं? मी म्हटलं, जुळणी बघतो. सोळा पानांची घडी म्हणजे एक फर्मा. असे फर्मे एकावर एक रचले की पुस्तक होतं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते, पुढच्या फर्म्यावर जरा खाली, त्याच्या पुढच्यावर आणखी खाली. सगळे बरोबर लागले की जिना दिसतो. एक चुकला की पायरी तुटते. तिथे काही लक्षात ठेवावं लागत नाही, नुसतं बघावं लागतं. बघायला मला चांगलं येतं. आजार झाला तेव्हा मी फारच बघत होतो. मालक हसला नाही. म्हणाला, "आधी डॉक्टरांकडून खरं काय ते आण. माझ्या मशीनवर मला कुणाचा हात नकोय." मशीन माझं नाही, हात माझा आहे, पण तो बरोबर बोलला.

पाचवा. मी आज परीक्षेच्या बाईंकडे एकटा गेलो. दोनदा रस्ता विचारला. त्यांना सांगितलं, त्या दिवशी परीक्षा दोघांनी दिली. त्या म्हणाल्या, मला तर काही दिसलं नाही. मी म्हटलं, तुमच्या पाठीला डोळे नाहीत, त्यात तुमचा दोष नाही. त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं. आकड्यांचा दुसरा संच आहे म्हणे. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.

सहावा चौकोन दादाबद्दल आहे. दादा बोटं हलवत होता ते मला कळत होतं. नको असं मी डोळ्याने सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. एकेक उत्तर बरोबर आलं की त्याचा चेहरा असा व्हायचा की मला तो मोडवेना. तू त्याला ओरडू नकोस. तो आता जेवताना बोलत नाही.

भुंगा

२२ एप्रिल

प्रिय भुंग्या,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. पहिला चौकोन वाचला आणि हातमोजे काढून बाहेर जाऊन बसले. बाकीचे चौकोन बाहेर वाचले.

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले, रागवायलाच हवं होतं. तुझ्या जुन्या गुणांवर त्यांनी काट मारली आहे, नवी परीक्षा होईल ती धरतील. तुमच्या हॉस्पिटलच्या नळ्या आता माझ्याकडे येणार नाहीत, दुसरीकडे जातील. नोकरी आहे.

तुला एक सांगते, दादालाही सांगितलेलं नाही. तुमच्या हॉस्पिटलची पेटी आली त्या दिवशी प्रत्येक नळी उजेडात धरून मी बघत होते. सगळ्या सारख्याच लाल. यातलं कुठलं आपलं, आणि त्यात असं काय लिहिलंय जे माझ्यात लिहिलेलं नाही? मी तुझी मोठी बहीण, त्याच आई-बापांची. मला का नाही झालं आणि तुला का, हे मी इतकी वर्षं रोज त्या टेबलावर बसून शोधते आहे. मिळालेलं नाही. कदाचित मिळणारही नाही. पण पाचर तू पक्कडीने काढलीस आणि बाईंकडे एकटा गेलास, हे कुठल्या अक्षराने केलं असं मला कुणी विचारलं तर मी गप्पच बसेन.

परीक्षेत घाम आला तर येऊ दे. बाईंना सांग, मला घाम येतो.

दादाला म्हणावं, ताई ओरडलेली नाही. जेवताना बोल.

ताई

५ मे

ताई, नमस्कार.

काल परीक्षा झाली.

दारापर्यंत मी गेलो. भुंग्याला घाम आला तसा त्याने खिशातून रुमाल काढला, बाईंना म्हणाला, "मला घाम येतो," आणि आत गेला. मी पुढे पाऊल टाकलं तर वळून म्हणाला, "दादा, तू इथे बस." दार लागलं.

दार पातळ आहे. बाईंचा आवाज ऐकू येत होता, आकडे एकेक करून. मग शांतता. उत्तर मला यायचं आणि आत ते कुणी म्हणत नसायचं. काही वेळा तो म्हणायचा, काही वेळा नुसतंच, "गेलं." असं दोनदा, चारदा, पुन्हा पुन्हा. "गेलं." ताई, आईला चितेवर ठेवलं तेव्हासुद्धा मला इतकं जड झालं नव्हतं. देवाचं नाव घ्यायला गेलो तर तोंडात आकडेच येत होते. मग नामही सोडलं आणि नुसता बसलो. असा नुसता मी कधी बसलो होतो, आठवत नाही.

बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मी विचारलं, "कसं झालं?"

म्हणाला, "पुष्कळ गेलं. शेवटी बाईंनी विचारलं, पाणी हवं का? मी हो म्हटलं. तेवढं नक्की बरोबर आलं."

गुण कमी आहेत. बरेच कमी. डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी मागून घेतली आणि मला समोर बसवून जे बोलायचं ते बोलले. मी ऐकून घेतलं. स्वतःकडेही त्यांनी चूक घेतली, म्हणाले, या गुणांवरून मशीनचं लिहून द्यायला नको होतं. नव्या चिठ्ठीत लिहिलंय: पात्याचं काम नको, नजरेचं काम देऊन बघावं, आणि आठवड्यातून दोनदा सरावाच्या वर्गाला सोडावं. आज सकाळी मालकाने ती उभ्याउभ्याच वाचली. म्हणाला, "दोन महिने, अर्धा दिवस, अर्धा पगार. जुळणीतली चूक त्याला सापडली तर ठेवीन, नजरेतून सुटली तर नाही." पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. घड्यांचं टेबल उचललं गेलंय. मशीनवर गेल्या महिन्यातच दुसरा माणूस आला आहे आणि त्याने पहिल्याच दिवशी पाचर परत ठोकली होती. भुंग्याने ती परत काढली, म्हणून त्या दोघांचं भांडण चालू आहे. खिडक्या अजून उघड्या आहेत, एवढंच आज तुला लिहू शकतो.

काल हॉस्पिटलमधून निघाल्यावर बसथांब्यावर आलो. भुंगा पुढे, मी मागे. बस आली आणि तो चढला. पाटी मी वाचली होती. घराच्या उलट दिशेला जाणारी बस होती. मी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि त्याच्या मागोमाग चढलो.

तो खिडकीशी बसला, मी शेजारी. एक थांबा गेला. दुसरा गेला. लाकडाची वखार आली, आपल्या रस्त्यावर वखार नाही. मला बसवत नव्हतं. समोरच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी इतका चुळबुळत होतो. तिसऱ्या थांब्यानंतर त्याचं गुणगुणणं बंद झालं. त्याने बराच वेळ बाहेर बघितलं.

"दादा, ही आपली बस नाही."

"नाही."

"तुला माहीत होतं?"

"हो."

मला वाटलं, रागावणार. त्याने उठून दोरी ओढली, घंटा वाजली. उतरल्यावर दोन्हीकडे बघून त्याने रस्ता ओलांडला आणि समोरच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. ऊन बरंच होतं. पहिली बस आली, ती त्याने जाऊ दिली. दुसरी आली तेव्हा पुढे होऊन त्याने पाटी वाचली, शेवटच्या अक्षरापर्यंत, मोठ्याने, ड्रायव्हरलाही ऐकू जाईल अशी. मग मागे वळून मला म्हणाला, "चल."

तुझा भाऊ